हाक मारू नका, वाचतेय ती

गेल्या आठवड्यात पाच कंदिलाजवळच्या हातगाडीवर यंदाची पहिली डांगरं दिसली. बाहेरगावचे लोक त्यांना खरबूज म्हणतात. म्हणोत बापडे. खरबूज म्हटलं की नुसतं फळ डोळ्यांपुढे येतं. डांगर म्हटलं की गिरणा नदीची तापलेली वाळू, वाळूत पसरलेले वेल आणि आखाजीचा सण. मी एक उचललं, देठाशी नाक नेलं, आणि धुळ्याच्या भरबाजारात, हातात मिरच्या-कोथिंबिरीची पिशवी घेऊन, उभ्या उभ्या जळगावच्या त्या खोलीत जाऊन पोचले. गाडीवाला थोडा वेळ थांबला आणि मग म्हणाला, मॅडम, घ्यायचंय का नुसता वास घ्यायचाय? दोन घेतली.

आखाजी म्हणजे अक्षय्य तृतीया. इतरांना ती सोनं घ्यायची तिथी वाटते. आमच्या खानदेशात तो लेकींचा सण. सासरी गेलेली पोर आखाजीला माहेरी येणारच, आणि ती आपली आपण येत नसते. बाप नाहीतर भाऊ तिला आणायला जातो. त्याला मुऱ्हाळी म्हणतात. मुऱ्हाळी एकदा ओट्यावर येऊन बसला की सासूचं फारसं चालत नाही, कारण मुऱ्हाळी रिकामा परत जात नाही, हे सगळ्या मुलखाला ठाऊक. मग लिंबाच्या, म्हणजे कडुलिंबाच्या, झाडाला झोके, गौराईची गाणी, सांजोऱ्या, आमरस. आणि घरातलं जे माणूस गेलं असेल त्याच्या नावाने पाण्याची घागर भरायची, वर डांगर ठेवायचं. जिवंत लेकी आणि गेलेली माणसं, दोघांनाही त्या दिवशी घरी बोलावतात.

आणि विद्यापीठाला नेमकी त्याच दिवसांत परीक्षा घ्यायची हौस.

मी बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला होते. ऐंशीचं दशक सरत आलं होतं. आमचं गाव भडगावच्या पलीकडे, गिरणेच्या काठाला. घराच्या पुढच्या अंगाला आमची पिठाची चक्की. नाना, म्हणजे माझे वडील, ती चालवायचे. भुवयांवर, कानांच्या पाळ्यांवर कायम पीठ. चक्कीच्या घरघरीत आयुष्य गेलेल्या माणसाला शांततेचं काय वाटत असेल, ते मला फार उशिरा कळलं. मी दहावीला होते तेव्हा नाना संध्याकाळी चक्की बंद ठेवायचे. बायका डबे घेऊन दारात उभ्या, कुणी कुरकुरायचं, आणि नाना ओठांवर बोट ठेवून म्हणायचे, "पोर वाची ऱ्हायनी." गिऱ्हाईक गेलं तरी चालेल, पण पोर वाचत असताना आवाज नको. मी पुस्तक उघडून बसले की मला कुणी हाक मारायची नाही, हा आमच्या घरचा नियम. माय चहाचा कप ठेवून पावलं न वाजवता निघून जायची. मोठ्या बहिणीला, आमच्या अक्काला, या नियमाचा भारी राग. तिला सातवीतच शाळेतून काढलेलं. पुस्तक उघडं ठेवून ही बया भांडी घासायचं टाळते, असं ती म्हणायची. निम्मं खरंही होतं.

बारावी झाल्यावर मला उजवायची भाऊबंदांना घाई झाली. अक्काचं लग्न होऊन ती धुळ्याला गेलीच होती, आता धाकटीचं उरका, असा सगळ्यांचा सूर. नानांनी बैठकीत सांगून टाकलं: पोरगी जळगावला शिकेल, बी.एस्सी.ला फर्स्ट क्लास आणेल आणि पुढे एम.एस्सी. करेल. नाही आणला, तर तुम्ही दाखवाल ते स्थळ बघू. झालं. माझ्या आयुष्याचा निकाल एका क्लासवर येऊन बसला. पहिल्या दोन्ही वर्षांना तो थोडक्यात हुकला, म्हणजे सगळा भार शेवटच्या वर्षावर. नाना कधी एका शब्दाने बोलले नाहीत. बोलले असते तर बरं झालं असतं, भांडता तरी आलं असतं.

जळगावात एका वाड्याबिड्यात नाही, साध्या पत्र्याच्या पडवीच्या घरात पुढची खोली आम्हा दोघींना भाड्याने मिळाली होती. खिडकी अंगणाकडे, अंगणात लिंब. मागे घरमालकीण काकू आणि त्यांचा संसार. दोघींतली दुसरी म्हणजे करुणा. दीपनगरची. तिचे वडील तिथल्या वीज केंद्रात. भर उन्हाळ्यात लाईट गेली की मी तिच्याकडेच बघायची, जणू हिनेच बटण बंद केलंय, आणि ती म्हणायची, थांब, बाबांना सांगते, आमच्या मैत्रिणीपुरती चालू ठेवा. जेवायच्या वेळी जेवायची, झोपायच्या वेळी झोपायची, रविवारी शिकेकाईने केस धुऊन उन्हात बसायची. मला तिचा हेवा वाटायचा आणि रागही यायचा. असा कुठे अभ्यास असतो का? अभ्यास म्हणजे जीव काढायला हवा, असं माझं पक्कं मत.

जळगावचा एप्रिल ज्याने काढलाय त्याला तो सांगायला नको. पलंगाचा लोखंडी दांडा हाताला चटका देतो. ओली चादर अंगावर घ्यावी तर ती वाचता वाचता वाळून कडक होते. दुपारी रस्त्यावर केळीची एखादी गाडी सोडली तर चिटपाखरू नसतं. अशा दुपारी मी खिडकीशी ऑर्गॅनिक केमिस्ट्री घेऊन बसायची. जेवायला खाणावळीत जायचं म्हणजे वेळ जाणार, म्हणून चहा आणि टोस्ट. मग नुसता चहा. मग टोस्टचा वास नकोसा झाला. वेणी घालायला वेळ जातो म्हणून केस तसेच बांधून ठेवलेले. झोप कमी करता करता एक दिवस ती आपणहूनच येईनाशी झाली. करुणा एकदा माझ्या पुढ्यातलं पुस्तक मिटून म्हणाली, तू अभ्यास करतेस का उपास करतेस? मी तिच्यावर अशी काही खेकसले की बिचारी दिवसभर बोलली नाही. तिचे विषय वेगळे होते, पेपर आधी संपले. जाताना तिने माझ्या टेबलावर ग्लुकोजचा पुडा ठेवला आणि म्हणाली, माझ्याबरोबर दीपनगरला चल, दोन दिवस माणसांत बस, जेव, मग परत ये. मी मान हलवून नाही म्हटलं. मान हलवली तेव्हा खोली फिरली, तेही तिला सांगितलं नाही.

ती गेली आणि मग मला खरी खोली भेटली.

एकटेपणा म्हणजे काय, हे लोक फार जड शब्दांत सांगतात. माझ्यापुरतं सांगायचं तर एकटेपणा म्हणजे एकच ओळ. पुस्तकातली एक ओळ मी वाचायची, शेवटाशी यायची, आणि सुरुवात हरवलेली असायची. पुन्हा वाचायची, पुन्हा हरवायची. पान तेच. खिडकीतून ऊन आत यायचं, टेबलावरून सरकून जमिनीवर उतरायचं, भिंतीवर चढायचं, आणि पान तेच. मला रडू यायचं, पण पुस्तक समोर ठेवूनच मी रडायची, म्हणजे वेळ वाया जाणार नाही. आज हसू येतं. तेव्हा मला खरंच वाटत होतं की मी वेडी होतेय, आणि वेडी झाले तर फर्स्ट क्लासचं काय.

दोन पेपरांच्या मध्ये आखाजी आली. गावचा एकजण बाजाराला आला होता, त्याच्याबरोबर नानांचा निरोप: अक्काला आणायला धुळ्याला जातोय. तू येऊ नको. पेपर मोठा. तुला कुणी त्रास देणार नाही. निरोप्या म्हणाला, काही सांगायचंय का? मी म्हटलं, अभ्यास चांगला चाललाय म्हणून सांगा. माझ्या तोंडून दुसरं काही निघालंच नाही. मला त्रास हवा होता. कुणीतरी यावं, पुस्तक मिटावं, दंडाला धरून उठवावं आणि एसटीत नेऊन बसवावं, एवढंच हवं होतं. आपण होऊन जायची हिंमत नव्हती. आपण होऊन गेले असते तर ते पळून जाणं झालं असतं. न्यायला कुणी आलं असतं तर ती आखाजी झाली असती. पण मुऱ्हाळी जातो सासरवाशिणीला आणायला. कॉलेजातल्या पोरीला कोण आणायला येतं? ती तर मजेत शिकत असते.

काकूंची लेक माहेरी आली होती. अंगणातल्या लिंबाला दोर टाकायला तिचा भाऊ चढला. मी खिडकीतून पाहत होते. दोर बांधून झाला, पाट लागला, आणि तेवढ्यात काकू पदर खोचत बाहेर आल्या, त्यांनी माझ्या खिडकीकडे बोट केलं आणि काहीतरी बोलल्या. पोराने मुकाट्याने दोर सोडला. झोका मागच्या परसातल्या झाडाला गेला. काकू नंतर दारात येऊन सांगून गेल्या, पोरी गाणी म्हणतात ना, तुला त्रास नको. किती चांगल्या होत्या त्या. मला ओरडून सांगावंसं वाटलं, काकू, झोका पुढे बांधा हो. मी म्हटलं, थँक्यू काकू.

सणाच्या आदल्या दिवशी दुपारनंतर काकूंनी एक गाठोडं आणून दिलं. तुझ्या गावाहून आलंय, एवढंच म्हणाल्या. आमच्याकडे एसटीच्या कंडक्टरबरोबर, कुणा येणाऱ्या-जाणाऱ्याबरोबर वस्तू पाठवायची रीतच होती, मला त्यात काही नवल वाटलं नाही. धुतलेल्या पंच्यात बांधलेलं. आत मायच्या हातच्या सांजोऱ्या आणि एक डांगर. नदीतलं, पिकून देठ सुटायला आलेलं, इतकं नाजूक की बोट लावलं तर रुतावं. गाठ सोडली आणि सगळी खोली त्या वासाने भरली. मी ते कापलं आणि उभ्यानेच खाल्लं, बियांसकट, रस कोपरांवरून टेबलावर, पुस्तकावर. त्या दिवसांत पोटात धड गेलेली ती एकच गोष्ट. मागच्या परसातून पोरींचं गाणं ऐकू येत होतं. मला मायचा इतका राग आला. डांगर पाठवता येतं तर माणूस का नाही पाठवता येत?

पेपर कसे दिले, ते आठवत नाही. हात लिहीत होता. शेवटच्या पेपरनंतर कॉलेजच्या पायऱ्यांवर बसले ती उठता येईना. करुणा तोंडी परीक्षेसाठी जळगावात आली होती, तिने माझे डोळे पाहिले आणि रिक्षा बोलावली. कावीळ. नाना आले आणि मला घरी घेऊन गेले. निकाल लागला तेव्हा मी आतल्या खाटेवर उसाचा रस पीत पिवळीजर्द पडलेली होते. फर्स्ट क्लास मिळाला. नानांनी चक्की बंद ठेवून गावभर पेढे वाटले, आणि मला पेढा वर्ज्य. एम.एस्सी.चे प्रवेश मी उठून उभी राहीपर्यंत आटोपले होते. पुढच्या वर्षी बी.एड. केलं, मग धुळ्यात शाळा मिळाली, धुळ्यातच घर झालं. वाईट काहीच झालं नाही. पण ज्या एम.एस्सी.साठी जीव टाकला तिच्या दारातही मी गेले नाही, हे सल म्हणून राहिलंच. करुणालाही फर्स्ट क्लास मिळाला होता. शिकेकाईने केस धुऊन.

नाना गेले त्यानंतरची पहिली आखाजी. आम्ही दोघी बहिणी गावाला गेलो होतो. नानांच्या नावाची घागर भरायची होती. माय थकलेली, म्हणून अक्का घागर घासत होती आणि मी डांगर निवडत होते. मी सहज म्हटलं, त्या वर्षी तुम्ही मला एसटीने डांगर पाठवलं होतं, आठवतं का? अक्काने घागर खाली ठेवली. ती म्हणाली, "एसटीने कोण पाठवीन? नाना तुले लेवाले ऊना व्हतात."

नाना मला न्यायला आले होते? मग तिने सांगितलं. त्या वर्षी नाना तिला धुळ्याहून घेऊन आले आणि उंबऱ्यातच मायने त्यांना विचारलं, "मोठीले लई उनात, धाकलीले कोन लई येई?" म्हणजे, मोठीला आणलंत, धाकटीला कोण आणणार? नाना म्हणाले, तिची परीक्षा आहे. माय म्हणाली, असू दे, एक दिवस आणा, जेवू घाला, परत सोडून या. दुसऱ्या दिवशी नाना धुतलेलं धोतर, पांढरी टोपी घालून, कुणाच्या सासरी निघावं तसे जळगावला निघाले. डांगर पिशवीत ठेवलं नाही, दबेल म्हणून. सगळी वाट मांडीवर धरून नेलं. काकूंच्या फाटकापाशी आले तर समोर खिडकी, आणि खिडकीत मी. मान खाली, पुस्तक पुढ्यात. काकू म्हणाल्या, थांबा, बोलावते. नाना म्हणाले, नको. लिंबाखाली उभे राहिले. बराच वेळ उभे होते म्हणे. मी मान वर केली असती तर त्यांनी हाक मारली असती. मी मान वर केली नाही. मग त्यांनी गाठोडं काकूंकडे दिलं, पेपर होईस्तोवर मी आलो होतो ते सांगू नका, तिचं मन उडेल, असं बजावलं आणि आल्या पावली एसटी पकडली. घरी आल्यावर मायने विचारलं, पोर कुठाय? नाना म्हणाले, "वाची ऱ्हायनी व्हती." आणि माय दोन दिवस त्यांच्याशी बोलली नाही.

मला का नाही सांगितलं, मी विचारलं. अक्का म्हणाली, आधी तू आजारी, मग निकाल, मग लग्न. राहून गेलं. शिवाय नानांना त्यात तुला सांगण्यासारखं काही वाटलंच नाही. उलट तुझ्या माघारी चारचौघांत ते अभिमानाने सांगायचे: मी समोर उभा होतो तरी पोरीने पुस्तकातून डोकं काढलं नाही.

मी घागरीपाशी बसून रडले. पुस्तकाशिवाय. डांगर अखंड आलं होतं, हे मला तेव्हाच कळायला हवं होतं. सामानात आदळत आलेलं पिकलं डांगर असं कधी राहतं का? आणि नानांना तरी काय कळणार? वाचणारं माणूस आणि पुस्तकासमोर नुसतं बसलेलं माणूस, लांबून सारखंच दिसतं. त्या दुपारी मी एक अक्षर वाचत नव्हते. मी तीच ओळ घेऊन बसले होते, आणि कुणीतरी न्यायला यावं म्हणून वाट पाहत होते. आणि न्यायला आलेलं माणूस दहा पावलांवर, लिंबाखाली, माझं वाचन संपायची वाट पाहत होतं.

आता माझी लेक जळगावला आहे. इंजिनीअरिंगचं शेवटचं वर्ष, वसतिगृहात. मी तिला कधी टक्क्यांबद्दल विचारत नाही, हे मी मोठ्या तोऱ्यात सगळ्यांना सांगते. पण न विचारण्याचंही ओझं असतं, हे माझ्याइतकं कुणाला ठाऊक? गेल्या आठवड्यात डांगरं घेऊन घरी आले आणि तिला फोन लावला. आवाज नीट नव्हता. जेवलीस का विचारलं तर म्हणाली, हो. काय जेवलीस विचारलं तर पेपरांचं बोलायला लागली. पेपरला अवकाश आहे, आखाजीला ये, असं मी म्हटलं.

"आई, नको गं. येऊही नकोस तू," ती म्हणाली. "वाचतेय मी."

फोन ठेवला. शहाणी पोर आहे, उगाच कशाला मन विचलित करा, असं माझ्या तोंडून निघालंसुद्धा. मग टेबलावरच्या डांगरांकडे लक्ष गेलं.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीने निघाले. पारोळा, एरंडोल, तोच रस्ता, बाहेर तेच पांढरं ऊन. डांगर मांडीवर धरलं होतं. शेजारची बाई म्हणाली, वर ठेवा की. मी म्हटलं, असू दे. वसतिगृहाच्या बाई चांगल्या होत्या, म्हणाल्या, मुलींचा अभ्यास चाललाय, शक्यतो... मी म्हटलं, हो, आवाज करत नाही.

तिच्या खोलीचं दार अर्धं उघडं होतं. ती टेबलाशी, पाठमोरी. मान खाली. केस कसेतरी बांधलेले. समोर पुस्तक उघडं. मी दारात उभी राहिले आणि माझे पाय नानांचे झाले. खरंच वाचत असेल तर? एवढं पान होऊ दे, मग बोलू. मी पान उलटायची वाट पाहिली. वरचा पंखा फिरत होता, पानाचा कोपरा उडत होता आणि ती तो बोटाने दाबून धरत होती. पान काही उलटलं नाही.

मी हाक मारली.

तिने वळून पाहिलं. आधी मला, मग हातातल्या डांगराला. डोळे सुजलेले. रागावेल असं वाटलं होतं.

"न्यायला आलीस?" तिने विचारलं.

"हो," मी म्हटलं, "मुऱ्हाळी आलेय. रिकामी जाणार नाही."

ती पुस्तक मिटून उठली आणि पलंगाखालची बॅग ओढायला लागली.